रोजच्या गाडीला टर्बो बसवावा का?

शहापूर आणि मुरबाड या दोन तालुक्यांतून देशावर जायचे तर सह्याद्री चढावाच लागतो. शहापूरचा माणूस कसारा घाटाने इगतपुरी गाठतो, मुरबाडचा माळशेजने आळेफाट्याकडे निघतो. जून २०२५ मध्ये समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा ७६ किलोमीटरचा शेवटचा टप्पा खुला झाला आणि लांब बोगद्यामुळे कसाऱ्याची चढण टाळता येऊ लागली. तरीही टोल वाचवणारा, मधल्या गावात काम असणारा, माळशेजशिवाय दुसरा रस्ताच नसलेला माणूस आजही घाटातच असतो. पुढे कंटेनर, मागे एसटी, गाडीत पाच माणसे, एसी चालू. अॅक्सिलरेटर तळाला टेकतो आणि गाडी दम खाते.

गॅरेजमध्ये चर्चा सुरू होते ती इथून. गाडीला पिकअप नाही, कुर्ल्याच्या जुन्या पार्टच्या बाजारात टर्बो स्वस्तात मिळतो, तो आणून बसवला तर? प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा मुळीच नाही. त्यामागे खरी अडचण आहे आणि यंत्राबद्दलची खरी ओढही आहे. म्हणूनच त्याचे उत्तर आकड्यांत द्यायला हवे. आणि हिशेब टर्बोपासून सुरू करायचा नाही, घाटापासून करायचा.

माणसांसह १,२०० किलो वजनाची एक छोटी गाडी घेऊ. चढ दर १०० मीटरला ६ मीटर मानू. ताशी ४० किलोमीटरने हा चढ चढायला चाकांवर किती ताकद लागते? वजन वर उचलायला साधारण ८ किलोवॅट, टायरच्या घर्षणाला २, हवेच्या विरोधाला अर्धा. सगळे मिळून साडेदहा किलोवॅटच्या आत, म्हणजे सुमारे १४ अश्वशक्ती. वेग ताशी ६० केला तर साडेबावीस. आपल्याकडच्या एक लिटरच्या साध्या पेट्रोल इंजिनाची कागदावरची ताकद ६७-६८ अश्वशक्ती असते. मग गाडी दम का खाते?

कारण ती ६८ अश्वशक्ती मिनिटाला सहा हजारांच्या आसपास फेऱ्या झाल्यावरच मिळते. चौथ्या गिअरमध्ये ताशी ४० वर इंजिन जेमतेम १,५०० फेऱ्यांवर असते. तिथे ते ७५ न्यूटन-मीटर टॉर्क देत असेल असे धरले, तर हाती येतात १६ अश्वशक्ती. त्यातल्या १४ चढ खातो, एसी आपला वाटा वेगळा घेतो. ओव्हरटेकला शिल्लक काहीच राहत नाही. तीच गाडी, तोच वेग, पण दुसरा गिअर टाकून फेऱ्या ३,००० वर नेल्या की तेच इंजिन ३७ अश्वशक्ती देते. आठ सेकंदांत ४० वरून ६० वर जाऊन ट्रक मागे टाकायला या चढावर सरासरी ३४ लागतात. म्हणजे काम होते, काठावर का होईना.

हा हिशेब मला फार महत्त्वाचा वाटतो, कारण तो मागणीचे नेमके रूप दाखवतो. घाटातल्या माणसाला जास्तीत जास्त वेग नको असतो. त्याला कमी फेऱ्यांवर जोर हवा असतो. उंचीमुळे हवा विरळ होऊन ताकद जाते असेही पुष्कळ जण सांगतात. लेहला ते खरे आहे. पण इगतपुरी समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटरवर, माळशेजचा माथा ७०० मीटरच्या आसपास. साध्या इंजिनाची ताकद दर १०० मीटरला साधारण एक टक्क्याने घटते, म्हणजे या घाटांत सहा-सात टक्के. त्याला दोष देण्यात अर्थ नाही.

आता टर्बो. इंजिनाची ताकद शेवटी त्यात किती हवा जाते यावर ठरते. पेट्रोल पूर्ण जळायला वजनाने जवळजवळ पंधरापट हवा लागते, त्यामुळे हवा वाढल्याशिवाय इंधन वाढवून उपयोग नाही. लोहाराचा भाता जे निखाऱ्यासाठी करतो ते टर्बो सिलिंडरसाठी करतो. फरक इतकाच की हा भाता सायलेन्सरकडे वाया जाणाऱ्या गरम वायूवर फिरतो. एका बाजूला धुराच्या झोतात फिरणारे टर्बाइन, त्याच दांड्यावर दुसऱ्या बाजूला हवा दाबणारा कॉम्प्रेसर. आल्फ्रेड ब्यूशी या स्विस अभियंत्याने १९०५ मध्ये या कल्पनेचे पेटंट घेतले. ती कामाची ठरायला वीस वर्षे लागली. १९२० च्या दशकात दोन जर्मन प्रवासी जहाजांच्या डिझेल इंजिनांची ताकद टर्बोमुळे १,७५० वरून २,५०० अश्वशक्ती झाली. त्या काळात अडचण होती ती उष्णता सोसणाऱ्या धातूची आणि वेगाने फिरणाऱ्या दांड्याच्या बेअरिंगची. गॅरेजमध्ये टर्बो बसवणाऱ्याची अडचण आजही हीच असते.

आपल्याकडे याचे सर्वांत बोलके उदाहरण पुण्यात घडले. टाटांची इंडिका डिसेंबर १९९८ मध्ये आली. तिचे १,४०५ सीसीचे डिझेल इंजिन साधे होते, ताकद सुमारे ५३ अश्वशक्ती. शहापूर-मुरबाडच्या रस्त्यांवर टॅक्सी म्हणून, घरची गाडी म्हणून ती किती चालली हे इथल्या वाचकाला सांगायला नको. चढावर ती रडायची, हेही. पुढे टाटांनी याच १,४०५ सीसीच्या इंजिनाला टर्बो आणि इंटरकूलर दिला आणि ताकद ७० अश्वशक्तीच्या घरात गेली. सिलिंडर तेवढेच, हवा जास्त. म्हणजे साध्या इंजिनाला टर्बो लावणे अशक्य नाही, ते मराठी मुलखातच झालेले आहे. पण कारखाना हे करतो तेव्हा इंधनाची मात्रा, गॅस्केट, कूलिंग, क्लच सगळे नव्याने तपासले जाते, आणि नमुन्याची इंजिने मोडेपर्यंत चाचणीला लावली जातात. गॅरेजमध्ये नमुन्याचे इंजिन एकच असते. ते ग्राहकाचे असते आणि उद्या सकाळी त्याला आसनगाव स्टेशन गाठायचे असते.

पेट्रोलमधली तुलना आणखी स्पष्ट आहे. मारुतीच्या साध्या ९९८ सीसी इंजिनाची ताकद ६८ अश्वशक्ती आणि टॉर्क ९० न्यूटन-मीटर. २०१७ मध्ये बलेनो आरएसमध्ये आलेले टर्बोचे इंजिनही ९९८ सीसीचेच. ताकद १०२, टॉर्क १५०. पण दोन्हींत नुसता टर्बोचा फरक नाही. टर्बोवाल्या इंजिनात पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये फवारले जाते, त्याचा संगणक वेगळा आहे. ते इंजिन वेगळेच आहे.

समजा, एवढे ऐकूनही कोणाला स्वस्तातले रूपांतर करायचेच आहे. मग त्याने हवेच्या तापमानापासून सुरुवात करावी, कारण बहुतेक इंजिने इथेच मरतात. मे महिन्यात मुरबाडच्या दुपारी हवा ४० अंशांची आहे असे धरू. बूस्ट फक्त अर्धा बार, म्हणजे दाब दीडपट. दाबलेली हवा तापते. सायकलच्या पंपाचे तोंड गरम होते ते याच नियमाने. बऱ्या कार्यक्षमतेच्या छोट्या टर्बोतून ती हवा बाहेर पडताना शंभर अंशांच्या जवळ असते. तापलेली हवा फुगते, त्यामुळे दाब दीडपट झाला तरी घनता सव्वापटच होते. इंटरकूलरने तीच हवा ५५ अंशांवर आणली तर घनता चांगली १.४ पटीच्या वर जाते. म्हणजे पैसे वाचवायला इंटरकूलर गाळला की फायद्याचा मोठा भाग तिथेच गेला.

आणि फायदा जाणे ही लहान गोष्ट. मोठी गोष्ट म्हणजे नॉकिंग. आजच्या साध्या पेट्रोल इंजिनांचे दाबगुणोत्तर १० ते १२ च्या दरम्यान असते. पिस्टन आधीच हवा-पेट्रोलचे मिश्रण इतके दाबतो. त्यात आधी दाबलेली, तापलेली हवा भरली की ठिणगीच्या आधी किंवा ठिणगीनंतर भलत्याच कोपऱ्यात मिश्रण पेट घेते. बाहेर खडखड ऐकू येते, आत पिस्टनच्या कडा तुटत असतात. हा धडा अमेरिकेत १९६२ मध्येच मिळाला. जनरल मोटर्सची ओल्ड्समोबाइल जेटफायर ही टर्बो घेऊन विक्रीला आलेल्या पहिल्या गाड्यांपैकी एक. तिचे दाबगुणोत्तर १०.२५ होते. नॉकिंग टाळायला पाणी आणि मिथेनॉल यांचे मिश्रण इंजिनात सोडणारी वेगळी टाकी दिली होती. ती टाकी भरायला लोक विसरत. टाकी रिकामी झाली की बूस्ट बंद होई आणि मालक तक्रार घेऊन येत. शेवटी कंपनीने कित्येक गाड्यांचे टर्बो काढून साधे कार्ब्युरेटर बसवून दिले. जनरल मोटर्ससारख्या बलाढ्य कंपनीला रोजच्या वापरात जे टिकवता आले नाही, ते आपण बूस्ट कमी ठेवून आणि संगणकाची काटेकोर जुळणी करूनच टिकवू शकतो.

त्या जुळणीचाच खर्च बजेट मोडतो. साध्या गाडीचा संगणक हवेचा दाब ज्या सेन्सरने मोजतो, तो वातावरणाच्या दाबाच्या थोडे वरपर्यंतच वाचू शकतो. त्याच्या पुढे बूस्ट गेला की संगणक आंधळा होतो आणि पेट्रोल कमी पडते. इंजेक्टर मोठे हवेत, पंपाची क्षमता तपासायला हवी, संगणक बदलायला किंवा त्याला जोड द्यायला हवी, धुरातला ऑक्सिजन मोजणारा रुंद पल्ल्याचा सेन्सर हवा आणि डायनोवर, म्हणजे ताकद मोजणाऱ्या यंत्रावर, तासन्‌तास जुळणी करणारा जाणकार हवा. असा जाणकार शहापुरात किंवा मुरबाडात शोधून मिळणार नाही. मुंबई-पुण्याच्या फेऱ्या धराव्या लागतील. जुना टर्बो काही हजारांत मिळेलही. मॅनिफोल्ड, पाइप, इंटरकूलर, संगणक, क्लच आणि मजुरी धरल्यावर माझ्या मते कोणताही प्रामाणिक अंदाज लाखाच्या खाली राहत नाही. टर्बोच्या कामात टर्बो हीच सर्वांत स्वस्त वस्तू असते.

जुन्या डिझेलचे गणित थोडे वेगळे. तिथे नॉकिंगची ती भीती नाही, आणि या भागात वर्षानुवर्षे चाललेल्या काळ्या-पिवळ्या जीपसारखी इंजिने मुळातच जाड हाडाची. पण डिझेलला नुसती हवा वाढवून ताकद फारशी वाढत नाही, पंपातून डिझेलही वाढवावे लागते. मेकॅनिक स्क्रू फिरवतो, गाडी काळा धूर मारते, पिकअप आल्यासारखा वाटतो. धुराचे तापमान मोजायला कोणी मीटर लावत नाही. घाटाच्या लांब चढावर ते तापमान चढत राहते आणि पिस्टनचा माथा किंवा हेड गॅस्केट जाते. सपाट रस्त्यावरच्या चाचणीत हे कधीच दिसत नाही.

ऑइलबद्दल दोन शब्द जास्तच लिहितो, कारण हे ज्यांच्या गाडीत कारखान्याचा टर्बो आहे त्यांच्याही कामाचे आहे. टर्बोचा दांडा मिनिटाला एक लाखाच्या वर, छोट्या टर्बोत दोन लाखांपर्यंत फेऱ्या घेतो. तो ऑइलच्या पातळ थरावर तरंगत असतो. तो थर गेला की धातूला धातू घासतो आणि टर्बो शिट्टी मारू लागतो. रूपांतरात ऑइल आत नेणारी बारीक नळी सगळे नीट बसवतात, चूक होते ती परतीच्या नळीत. तिथे दाब नसतो, ऑइल स्वतःच्या वजनाने खाली यायचे असते. नळी जाड हवी, उताराची हवी आणि चेंबरमधल्या ऑइलच्या पातळीच्या वर जोडलेली हवी. नाहीतर ऑइल टर्बोत तुंबते, सीलमधून गळते आणि निळा धूर निघतो. मग लोक म्हणतात, टर्बो ऑइल पितो.

घाट चढून आल्यावर टर्बो सर्वांत जास्त तापलेला असतो. कसारा चढून घाटनदेवीला दर्शनाला थांबलात किंवा पावसाळ्यात माळशेजच्या धबधब्यांपाशी गाडी लावलीत, तर लगेच चावी फिरवू नका. शेवटचे दोन किलोमीटर सावकाश चालवा, थांबल्यावर मिनिटभर इंजिन चालू राहू द्या. चावी बंद केली की ऑइलचा प्रवाह थांबतो आणि तापलेल्या बेअरिंगमध्ये उरलेले ऑइल जळून त्याची कोळशासारखी पुटे बसतात. ऑइल गाडीच्या कंपनीने सांगितलेल्या दर्जाचेच घाला आणि वेळेच्या आधी बदला. खराब झालेल्या टर्बोंमागचे कारण बहुतेकदा ऑइलच असते.

ब्रेकचा विचार तर बजेटात कोणी धरतच नाही. टर्बो चढणीला लावतात, पण चढलेली गाडी उतरायचीही असते. वेग ६० वरून ८० झाला की थांबवायची ऊर्जा पावणेदोन पटीच्या वर जाते. ज्या गाडीचे ब्रेक ६८ अश्वशक्तीसाठी बनले, तिला शंभर अश्वशक्ती देऊन कसाऱ्याच्या उतारावर सोडणे म्हणजे घरच्यांचा जीव टांगणीला लावणे. हे मी कुणालाही करू नका असेच सांगेन.

आता कायदा. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार, उत्पादकाने दिलेल्या आणि नोंदणी पुस्तकात आलेल्या मूळ तपशिलात फरक पडेल असा बदल मालकाला करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये केरळातल्या एका प्रकरणात हाच अर्थ ठामपणे सांगितला. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने बदललेल्या कलम १८२ अ मध्ये परवानगी नसलेल्या बदलासाठी मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दर बदलामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही, अशी शिक्षा आहे. सीएनजी किट चालते मग टर्बो का नाही, असे विचारले जाते. सीएनजी-एलपीजीसाठी कायद्यात वेगळी वाट आहे, किटचा नमुना पुण्याच्या एआरएआयसारख्या संस्थेत तपासून मंजूर झालेला असतो आणि बसवल्यावर आरटीओत नोंद होते. गॅरेजमध्ये जुळवलेल्या टर्बोला असे कोणतेही प्रमाणपत्र नसते. पीयूसीच्या यंत्रावर गाडी कदाचित पास होईलही, पण त्याने बदल कायदेशीर होत नाही.

विमा ही दंडापेक्षा मोठी जोखीम आहे. न कळवलेला इंजिनातला बदल अपघातानंतर सर्व्हेअरला दिसला, तर स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा दावा नाकारायला विमा कंपनीला कारण मिळते. ज्याची भेंडी पहाटे कल्याणच्या बाजारात पोचायची असते किंवा जो मुरबाड एमआयडीसीत शिफ्टला जातो, त्याला दावा अडकून महिनोन्‌महिने गाडीविना राहणे परवडत नाही.

ज्यांची ओढ खरोखर यंत्राची आहे, त्यांच्यासाठी दुसरी वाट आहे. शर्यतीच्या गाड्यांचे जग वेगळ्या नियमांवर चालते. नाशिकच्या परिसरात रॅली होतात, आंबी व्हॅलीच्या धावपट्टीवर ड्रॅग शर्यती झालेल्या आहेत. एक जुने इंजिन विकत घ्या, स्टँडवर बसवा, त्यावर टर्बो जोडा, मोडा, पुन्हा जोडा. आयटीआयच्या मुलांनी हे करावे असे मला मनापासून वाटते. रस्त्यावरच्या गाडीवर मात्र हा प्रयोग नको.

आणि ज्याला फक्त घाट सोपा करायचा आहे त्याचे काय? त्याच्यासाठी उत्तर कसाऱ्याच्या माथ्यावरच आहे. इगतपुरीत महिंद्राचा इंजिनांचा कारखाना आहे, पुढे नाशिकला बोलेरो बनते. आजच्या बोलेरोचे १,४९३ सीसीचे टर्बो डिझेल इंजिन ताकदीने फक्त ७५ अश्वशक्तीचे आहे. पण ते २१० न्यूटन-मीटर टॉर्क १,६०० ते २,२०० फेऱ्यांतच देते. आपल्या हिशेबातले पेट्रोल इंजिन १,५०० फेऱ्यांवर ७५ न्यूटन-मीटर देत होते. घाटात माणसाला जे हवे असते ते नेमके हेच आणि कारखान्याने ते हमीसह बसवून दिलेले आहे. छोटी गाडी हवी तर जुन्या बाजारात मारुती स्विफ्टचे १,२४८ सीसीचे टर्बो डिझेल आहे, ७५ अश्वशक्ती आणि १९० न्यूटन-मीटरचे. रूपांतराला जो लाख-दीड लाख लागेल तो आपली गाडी विकून आलेल्या पैशांत घाला आणि अशी गाडी घ्या. घेताना टर्बोची शिट्टी ऐका, इंटरकूलरचे पाइप ऑइलने ओले आहेत का पाहा, चढावर लोड देऊन धुराचा रंग बघा आणि नोंदणीची किती वर्षे उरली आहेत ते तपासा.

तेवढेही पैसे नसतील तर आहे त्याच गाडीची कॉम्प्रेशन टेस्ट करून घ्या. धुळीच्या रस्त्यांवर चालणाऱ्या गाडीचा एअर फिल्टर, प्लग किंवा इंजेक्टर, घसरणारी क्लच प्लेट, टायरमधली हवा, एवढे नीट केले की कागदावरच्या ६८ अश्वशक्तींपैकी हरवलेल्या बऱ्याच परत येतात, त्याही कायद्यात राहून. मग चढ सुरू होण्याआधीच गिअर उतरवा, फेऱ्या ३,००० वर ठेवा आणि ट्रकच्या मागे असताना समोरचा रस्ता पूर्ण दिसल्याशिवाय बाहेर पडू नका.